पराटीचा लोटा

"खिडकी लाव," श्रीधरराव म्हणाले, "अन् दारही लोटजो."

इलाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि खिडकी लावून घेतली. बाहेर डिसेंबरचं लख्ख ऊन होतं. आत एकदम रात्र झाली. कोळशावरची तांब्याची वाटी आधी दिसतच नव्हती. मग ती हळूहळू अंधारातून वर आली, पिकल्या बोराच्या रंगाची. श्रीधररावांनी सांडशीने तिला उचललं आणि पाण्यात सोडलं. चर्रर्र झालं, वाफ आली, आणि वाटी पुन्हा दिसेनाशी झाली.

लहानपणी इलाला वाटे, बाबा जादू करतात म्हणून त्यांना अंधार लागतो. आता ती वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होती आणि दर बुधवारी आंजीला यायची. वडिलांचा डबा आणायची, त्यांच्या गोळ्या तपासायची.

"उघड आता."

उजेड आल्यावर त्यांनी रुमालाखालून एक लोटा काढला. लालसर तांब्यावर चांदीची पराटी उगवली होती. कपाशीचं अख्खं झाड: देठ, पानं आणि उललेली बोंडं. खाच कोरायची, तिच्यात चांदीची तार थंडच ठोकून बसवायची, असं त्यांचं काम. शेवटचं बोंड त्यांनी सकाळीच बसवलं होतं.

"आता याले आगीचं तोंड दाखवाचं नाई," ते म्हणाले. "झाला हा. साजरा झाला काय व?"

"चांगला आहे. बाबा, आधी जेवून घ्या. किती उशीर झालाय."

श्रीधरराव हसले. अशा उत्तराची त्यांना सवय होती. "रजतले अन् तुले, दोघांलेच दाखवला. निशांतले तर बिलकुल नाई. त्यानं पायला का लगेच फोन काढते."

पुतण्या रजत त्यांच्या हाताखाली काम शिकत होता. निशांत त्यांचा माल नागपूरपर्यंत विकायचा आणि त्यांच्या कामाचे व्हिडिओ टाकायचा. इलाच्या विद्यार्थिनींनीच तिला एक दाखवला होता. उघड्या खिडकीतून ऊन आलंय, श्रीधरराव भट्टीशी बसलेत, कोळशावर चकचकीत लोटा झळाळतोय.

"त्यात तुम्ही खरे कारागीर दिसता," इला डबा उघडत म्हणाली.

"नाटकातले!" श्रीधरराव खो खो हसले. "थंडे कोळसे होते बावा. खालून लाल बल्ब लावला पोट्ट्यानं. त्याले खिडकी उघडी पायजे, लोटा पॉलिश केलेला पायजे. मी बसलो मुकाट्यानं."

"तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, असं नसतं म्हणून?"

"त्यानं विचारलं नाई."

जेवण झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणखी एक लोटा काढला आणि बोटाने टिचकी मारली. आवाज पत्र्यासारखा आला. बुडाशी त्यांचाच ठसा होता, एक छोटंसं बोंड.

"ठसा माहा हाय. लोटा माहा नाई."

"मग कोणाचा?"

"ज्याले विचाराचं त्याले उद्या विचारतो. तू तुह्या पोरींचे पेपर तपास."

संध्याकाळच्या एस.टी.ने ती परत गेली.

दुसऱ्या दिवशी श्रीधरराव भट्टीशेजारी मेलेले सापडले.

*

वर्ध्याच्या बाजारातल्या बियाण्यांच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर एक पाटी होती: 'कौशल्याबाई ढोके, खाजगी तपास'. इला तेरवी उरकून थेट तिथे आली होती.

"माहा धंदा नवरदेवांचा हाय," कौशल्याबाई चष्मा पुसत म्हणाल्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, गळ्यात मोबाइल अडकवलेली बाई. "पोरगा खरंच इंजिनिअर हाय का, दारू पेते का, पहिली बायको हाय का. मयताचं काम मी क्वचित घेतो."

"पोलिसांनी अपघात म्हणून फाइल बंद केली. भट्टीवर काम करताना चक्कर आली, लोखंडी ऐरणीवर डोकं आपटलं, असं म्हणतात."

"मग? तसं नाई होऊ शकत?"

"होऊ शकतं. पण कोळशावर एक लोटा जळून काळा झाला होता, बूड बसलं होतं. गावात सगळे म्हणतात, म्हाताऱ्याची नजर गेली होती, हात गेला होता. एका वर्तमानपत्रातही तसं आलं. चाळीसहून जास्त वर्षं त्या हातांनी..." तिने वाक्य सोडून दिलं. "त्यांचा हात गेला होता की नाही, एवढं मला खरं कळायला हवं. आणि त्यांनी त्या दिवशी कोणाला तरी काही विचारायचं ठरवलं होतं." तिने वर्तमानपत्रातल्या लोट्याची हकिकत सांगितली. "तो लोटा आता घरात नाही."

कौशल्याबाईंनी चष्मा लावला. "चाल. पण माही एक अट हाय. कोणी काही सांगू लागलं का मी म्हणतो, सांगू नका, करून दाखवा. तोंड लबाड असते बेटा, हाताले लबाडी शिकवा लागते. तू मधात बोलाचं नाई."

*

आंजीच्या घरी आधी इलाच्या आत्या आनंदाबाई भेटल्या. भाऊ गेल्यापासून त्यांनी कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"कुठून पायलं तुम्ही? उभ्या राहून दाखवा," कौशल्याबाई म्हणाल्या.

आत्या परसात गेल्या आणि खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. "मी सकाळपासून बारशाले गेलतो. दुपारी आलो तं पंख्याची घरघर येऊन राह्यली. इथूनच हाक मारली, श्रीधर, चहा ठेवू काय? तं तो तसा पडलेला." पदर तोंडाशी गेला. "कोळसे लालबुंद. वर लोटा. मग मी दारातून आत धावलो. तो तं थंडा झालता व माय."

"पंखा?"

"कोळशाले वारा घालाले. आधी भाता होता, आता विजेचा हाय."

"अन् रजत?"

"पोट्टा सकाळीच वर्ध्याले कोळसा आणाले गेलता. संध्याकाळी आला. त्याचं अन् श्रीधरचं वाजलं होतं आधल्या आठवड्यात, खोटं कशाले सांगू. पण लेकरू वाईट नाई."

लेकरू पंचविशीचं होतं. रजत कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला होता. इलाला पाहताच उठून उभा राहिला.

"इलाताई, लोक माह्यावर संशय घेऊन राह्यले. तूही घेते काय?"

"ते मी घेतो," कौशल्याबाई म्हणाल्या. "भांडण कायचं?"

"मशीनचं. मी म्हणालो, लोटे मशीनवर फिरवून काढू, मोठेबाबा वरून ठोका देतील. ते म्हणाले, मग माह्या तेरवीले दे तो ठोका. बोलण्यात म्हणाले हो ते."

"वर्ध्याले गेल्याचा पुरावा?"

"एस.टी.चं तिकीट कोण जपते बाई? कोळसा आणला, तो पडला पाहा कोपऱ्यात."

"खोलीतून आणखी काही गेलं काय?"

रजतने मान खाली घातली. "पराटीचा लोटा. सापडूनच नाई राह्यला. मी पोलिसांले नाई सांगितलं. सांगितलं असतं तं म्हणाले असते, यानंच लपवला."

तो लोटा पाहिलेली माणसं दोनच होती. एक ती, आणि दुसरा समोर उभा होता.

कोपऱ्यात, फडक्यावर, जळालेला लोटा पडला होता. पंचनामा करून पोलिसांनी तो तिथेच सोडला होता. काळा, खपल्या धरलेला, बूड आत गेलेलं. कौशल्याबाईंनी तो हातात घेऊन नुसता जोखला आणि खाली ठेवला.

बाहेर पडल्यावर इला पुटपुटली, "रजतनेच घेतला असेल?"

"तुले हवं तं तसं समज," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी आणखी काही समजलो नाई."

*

निशांतचं दुकान हिंगणघाटजवळ, हायवेला लागून होतं. काचेच्या कपाटांत तांबं, पितळ, चांदी. प्रत्येक वस्तूवर पिवळा दिवा. निशांतने खुर्च्या पुढे केल्या, पाणी मागवलं. तिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा.

"इलाताई, मी तेरवीला येणारच होतो. पण उभं राहवलं नसतं. काका मला वडिलांसारखे होते."

"त्या दिवशी तुमची भेट झालती काय?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"नाही ना. दुपारभर इथे एका शोरूमच्या उद्घाटनाला होतो, फोटो आहेत. कळल्याबरोबर निघालो, पण पोचेपर्यंत त्यांना अंगणात आणलं होतं. खोलीत जायची हिंमत झाली नाही."

"त्यांच्या मालावर तुमची काही तक्रार?"

"तक्रार कसली! त्यांचा ठसा असला की गिऱ्हाईक दुसरं काही पाहत नाही." निशांतने सुस्कारा सोडला. "पण खरं सांगू? मला अंदाज येत होता. इतकं देखणं काम, ती पराटी, ती बोंडं, आणि तोच लोटा नेमका कोळशावर ठेवून द्यायचा? वय झालं की लक्ष राहत नाही हो. कुणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं."

इलाने पाण्याचा पेला दूर सारला. वय झालं. लक्ष राहत नाही. तिथून उठून जावंसं तिला वाटलं. कौशल्याबाई मात्र शांतपणे कपाटं पाहत होत्या.

"हा लोटा केवढ्याचा? हा पण? दोन्ही बांधा. बिल माह्या नावानं."

"इथे खरेदी करायला आलो होतो का आपण?" गाडीत बसताना इला चिडून म्हणाली.

कौशल्याबाईंनी एका लोट्यावर टिचकी मारली. मग दुसऱ्यावर. दोन्हींचा आवाज एकच, पत्र्यासारखा. दोन्हींच्या बुडाशी एक छोटंसं बोंड होतं.

इलाचा राग विरला. "हेच बाबांनी मला ऐकवलं होतं."

"आतून बोट फिरव. गोल रेघा लागतात? मशीनवर फिरवलेला हाय. बाहेरून ठोके मारून घेतले, दिसायपुरते." त्यांनी लोटे पिशवीत ठेवले. "पण ठसा निशांतनं बनवला का रजतनं बनवून त्याले देला, हे लोट्यावरून कळत नाई. मशीनचा शौक तं रजतलेही हाय."

संध्याकाळी आंजीला परत येऊन त्यांनी आत्यांना तो जळालेला लोटा चिंचेच्या कोळाने घासायला लावला. आत्या घासत राहिल्या. काळी खपली निघत गेली, खालून लाल तांबं आलं आणि मग मध्येच एक पांढरा ओघळ. मग दुसरा. पुढे अर्धं पान. एक देठ.

आत्यांचे हात थांबले. "हे तं चांदी हाय."

इला बघत राहिली. पराटी वितळली होती. बोंडं खाली वाहून आली होती, जसा वेचायचा राहिलेला कापूस पावसात लोंबतो. चोरीला गेलेला लोटा इतके दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडून होता.

"म्हणजे बाबांनीच तो आगीवर ठेवला?" तिने विचारलं. "लोक म्हणतात ते खरं होतं?"

कौशल्याबाई म्हणाल्या, "उद्या सगळ्यांले इथं बोलाव. अन् ठाण्यात मी फोन करतो. खोली साफ करून ठेवजो. खिडकी लावून."

*

सकाळी सगळे जमले. आत्या भिंतीशी, रजत कोळशाच्या पोत्याशी. निशांत पांढऱ्या सदऱ्यात, फोन उलटा करून मांडीवर ठेवलेला. ठाण्यातले जमादार दारात खुर्ची टाकून बसले. खिडकी बंद होती, एक बल्ब तेवढा जळत होता. जळालेला लोटा कुठेच दिसत नव्हता. फळीवर श्रीधररावांचे दोन-तीन जुने लोटे मांडले होते.

"मले या कामातलं काही कळत नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "निशांतभाऊ, तुम्ही इतके व्हिडिओ काढले. श्रीधरराव भट्टीवर कसे बसत, तेवढं करून दाखवा. कोळसे पेटवायचे नाई, नुसतं दाखवा."

निशांत संकोचाने हसला. "मी? रजतला सांगा ना."

"रजतनं दाखवलं तं लोक म्हणतील, बनवून राह्यला."

निशांत उठला. इकडेतिकडे पाहिलं. "असं बसायचे ते," म्हणत त्याने पाट ओढला, मग थबकला, खिडकीपाशी गेला आणि दोन्ही फळ्या उघडल्या. ऊन भट्टीवर पडलं. फळीवरून त्याने सगळ्यात चकचकीत लोटा उचलला आणि कोळशावर ठेवला. "पंखा इकडून. असं."

"अरे, तो झालेला हाय!" रजत ओरडला. "झालेला लोटा काऊन ठेवतं तिथं?"

"मी फक्त दाखवतोय," निशांत म्हणाला.

"आता रजत, तू दाखव."

रजतने लोटा उचलून फडक्याने पुसला आणि परत फळीवर ठेवला. एक कच्ची, ठोकून कडक झालेली वाटी शोधली. मग, भट्टीकडे जाण्याआधी, काही विचार न करता, खिडकी लावली. बल्बही विझवला.

खोलीत अंधार झाला.

"काऊन रे?" कौशल्याबाईंचा आवाज आला.

"मंग रंग कसा दिसन? तांबं नरम कराचं तं बोराच्या रंगावर उतरवा लागते. उजेडात तो रंग दिसतच नाई. उन्हात लाल दिसे-दिसेपर्यंत काम गेलेलं असते."

"तुहे मोठेबाबा कधी खिडकी उघडी ठेवून भट्टी लावत?"

"कधीच नाई."

इला अंधारात उभी होती. खिडकी लाव, अन् दारही लोटजो. तिचा हात नकळत भिंतीवर गेला. आत्यांनी गजांना धरून खिडकीतून आत पाहिलं होतं. खिडकी आधीपासून उघडी होती.

"बल्ब लाव, पोरा," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि उजेड आल्यावर निशांतसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आनंदाबाईनं बाहेरून पायलं तवा खिडकी उघडी, पंखा चालू, कोळसे लाल. म्हणजे ती भट्टी श्रीधररावांनं लावलीच नव्हती. दुसऱ्या कोणी कोळशाचा ढीग रचून लावली, ते दुपारपर्यंत जिवंत होते असं वाटावं म्हणून. दुपारी तुम्ही उद्घाटनात फोटो काढत होते. पण आनंदाबाई आल्या तवा अंग थंडं पडलतं, म्हणजे मेले ते सकाळीच."

"हे रजतनेही केलं असेल," निशांत म्हणाला. आवाज अजून शांत होता.

"रजतचा हात खिडकी लावल्याशिवाय भट्टीकडे जात नाई, आत्ताच पायलं सगळ्यांनं. अन् त्याले लपवाचं असतं तं पराटीचा लोटा त्यानं जाळला नसता. चांदी बसवल्यावर लोटा आगीत जात नाई, हे त्याले झोपेतही माहीत हाय. झालेला, चकचकीत लोटा उन्हात कोळशावर ठेवणारा माणूस एकच. ज्यानं ही भट्टी फोनमधूनच पायली." त्यांनी गळ्यातला मोबाइल पुढे केला. व्हिडिओ चालू होता. उघडी खिडकी, ऊन, श्रीधरराव, झळाळणारा लोटा. "तुम्ही खोली नाई सजवली निशांतभाऊ, तुम्ही तुमचाच व्हिडिओ मांडला. फक्त या बारीनं कोळसे खरे होते."

"याला पुरावा म्हणत नाहीत, बाई."

"मी कुठं म्हणतो? पुरावा तं तुम्हीच देला." कौशल्याबाईंनी पिशवीतून जळालेला लोटा काढून पाटावर ठेवला. चिंचेने उजळलेल्या तांब्यावर चांदीचे ओघळ चमकले. "हा काळा डोंब होता. पोलिसांले ओळखू आला नाई, रजत याले शोधत फिरत होता. श्रीधररावांच्या पोरीलेही ओळखू आला नाई. तुम्ही हा कधी पायला नव्हता, श्रीधररावांनं मुद्दाम दाखवला नव्हता. खोलीत तुम्ही शिरले नाई म्हणता. मग आम्ही हा घासायच्या आधी, तुमच्या दुकानात, पराटीचा लोटा आगीवर ठेवला हे तुम्हाले कोणं सांगितलं? वरून बोंडंही सांगितली."

इलाला ते वाक्य शब्दन्‌शब्द आठवलं. तिने तेव्हा फक्त 'वय झालं' एवढंच ऐकलं होतं.

निशांतने ओठ ओले केले. फोन मांडीवरून घसरला, तो त्याने उचलला नाही.

"वर्तमानपत्रात बांधलेला लोटा त्यांनं तुमच्यापुढं ठेवला, तो तुम्ही नेला," कौशल्याबाई हळू म्हणाल्या. "त्याची भावंडं तुमच्याच दुकानातून मी बिलासकट आणली."

"मी फक्त बाजूला केलं त्यांना," निशांत म्हणाला. "ते दार अडवून उभे होते. म्हणाले, चल, नागपूरच्या दुकानदारांसमोर टिचकी मारून दाखव. हात धरला त्यांनी माझा. मी झटकला. ऐरण मागे होती."

इलाने विचारलं, "श्वास होता?"

निशांतने जमिनीकडे पाहिलं.

"निशांत, तू भट्टी पेटवत होतास तेव्हा त्यांचा श्वास चालू होता?"

"थोडा," तो म्हणाला.

आत्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. रजत पुढे धावला. जमादारांनी त्याला छातीवर हात लावून थांबवलं, आणि मग निशांतच्या दंडाला धरलं.

*

जीप गेली. आत्या आत जाऊन पडल्या. रजत परसात हापशीखाली डोकं धरून बसला होता.

"त्याचा हात गेला नव्हता," कौशल्याबाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या. "एवढंच विचाराले आलती ना तू?"

"हो."

"बिल मी पाठवतो. लोट्यांचे पैसे त्यात नाई लावत, ते पुरावा म्हणून गेले. पराटीचा जमादार उद्या नेतील." त्या थांबल्या. "चहा घेशील? मीच करतो आत जाऊन."

"थोड्या वेळाने."

इला एकटीच खोलीत परत आली. खिडकी उघडी होती, उन्हाचा पट्टा ऐरणीपर्यंत आला होता. तिने खिडकी लावली. दारही लोटलं. अंधारात आधी काहीच दिसलं नाही. मग फटीतून येणारा उजेड पाटावरच्या लोट्याच्या कडेवर थांबला, आणि ओघळलेली चांदी हळूहळू दिसू लागली.

तिने लोटा मांडीवर घेतला. एक देठ अजून शाबूत होता. त्याच्या टोकाचं बोंडही. बुधवारी सकाळी बसवलेलं, शेवटचं. तिने त्यावरून अंगठा फिरवला. चांदी आणि तांब्याच्या मधली रेष बोटाला लागतही नव्हती.

आयुष्यभर ती त्यांच्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलली होती. आता ती मोठ्याने बोलली, खोलीत कोणी असल्यासारखी, आणि बोली आली ती त्यांची.

"बाबा, साजरा झाला. लय साजरा झाला."